डांबराचा माग

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेहून ‘चौक’ अशी पाटी लावलेली बस सुटते. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली अशी गावं मागे टाकत ती समुद्र आणि वसईची खाडी भेटते त्या टोकाकडे जाते. चौकला उतरणाऱ्याला गाव आधी नाकानं कळतं. बांबू रोवून, दोऱ्या ताणून केलेल्या वलांड्या किनाऱ्यावर उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील लटकत असतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. खिळा नाही, गाठ नाही. बोंबलाचे वाकडे दातच चिमट्याचं काम करतात.

बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो, पण त्याला येणारा वास नेमका माशाचा नसतो. समुद्री माशाच्या अंगात एक बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेला की जिवाणू त्या द्रव्यापासून ट्रायमिथाइल अमीन बनवू लागतात. मासळीबाजाराचा म्हणून जो वास ओळखला जातो, तो हाच. म्हणजे वास आला की जिवाणू पोहोचले असं समजावं. कोळणीची सगळी धडपड त्यांना वेळेत अडवण्याची. ताज्या बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि पाण्याशिवाय जिवाणूला ना हलता येतं ना वाढता येतं. ऊन आणि वारा मिळून ते पाणी काढून घेतात. इतर मासळीला त्यांच्या जोडीला मीठ लागतं. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेलं हे जिवाणूशास्त्रच आहे आणि त्याचा एकच नियम आहे: जिवाणूला अन्नापर्यंत पोहोचू द्यायचं नाही.

याच किनाऱ्यावर आता अशीही द्रव्यं येऊन पडतात की जिवाणू त्यांच्यापर्यंत पोहोचावेत म्हणून प्रयोगशाळांत माणसं देव पाण्यात घालून बसलेली असतात. डिझेल, डांबर, कचऱ्याच्या ढिगातून पाझरणारं काळं पाणी. वलांडीच्या शास्त्रापासून या उलट्या शास्त्रापर्यंतचा रस्ता सरळ नाही. तो किल्ल्यावरून, मुंबईच्या प्लेगवरून आणि कपाटातल्या डांबराच्या गोळीवरून जातो.

चौकच्या टेकडीवर जंजिरे धारावीचे अवशेष आहेत. मुंबईतल्या धारावीशी नाव जुळतं म्हणून गल्लत होते, पण हे धारावी बेट वेगळं. वर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो, आणि इथे तोफा का हव्या होत्या हे वेगळं सांगावं लागत नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज पुन्हा पुन्हा झुंजले. मार्च १७३९ मध्ये धारावी पडली आणि मे महिन्यात वसई. खाडीचं तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसईची रसद, एवढा साधा हिशेब होता.

किल्ल्याइतकीच इथली मिठागरंही जुनी. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांत पाणी इतकं खारट होतं की त्यात बहुतेक जीव तग धरत नाहीत. जे धरतात ते कधीकधी पाण्याला गुलाबी छटा आणतात. हॅलोबॅक्टेरियम हा त्यांतला नावाजलेला (नावात बॅक्टेरियम असलं तरी शास्त्रज्ञांनी आता त्याला जिवाणूंच्या पंगतीतून उठवून आर्कियांच्या पंगतीत बसवलंय). त्याची गंमत अशी की त्याला प्रकाशाची दिशा कळते. कामाच्या उजेडाकडे तो जातो आणि घातक अतिनील किरणांपासून पळतो. एकपेशी जीव हे नशिबानं वाहत जाणारे कण नव्हेत, हे भाईंदरकरांच्या दारातल्या मिठानं कधीच सांगून ठेवलं होतं. ऐकणारा कुणी नव्हता.

कारण मुंबई परिसरानं ‘जंतू’ हा शब्द शिकला तो भीतीपोटी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतरची काही वर्षं शहर रिकामं होत राहिलं, पुन्हा भरत राहिलं. जिवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत प्लेग टळावा म्हणून उभारलेले क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. जंतू म्हणजे मारायची गोष्ट हे समीकरण तेव्हा पक्कं झालं, आणि त्यात चूक काही नव्हती. पण त्या गडबडीत जिवाणूंच्या स्वभावाची दुसरी बाजू आपल्याकडे फार उशिरा पोहोचली.

ती बाजू युरोपात दिसू लागली होती. थिओडोर एंगेलमान यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका शेवाळाच्या तंतूवर लोलकातून रंगपट्टा पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनचे भुकेले जिवाणू सोडले. तांबड्या आणि निळ्या पट्ट्यापाशी जिवाणूंची दाटी झाली, हिरव्यापाशी जवळपास कुणी फिरकलं नाही. कुठल्या रंगात शेवाळ जास्त ऑक्सिजन सोडतं हे त्या दाटीनं दाखवून दिलं. उपकरण म्हणून चक्क जिवाणू वापरले होते. त्याच दशकात विल्हेल्म फेफर यांनी केसासारख्या बारीक काचनळीत मांसाचा अर्क भरून ती जिवाणूंच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळानं नळीच्या तोंडाशी जिवाणूंची गर्दी. रसायनाच्या रोखानं होणाऱ्या या हालचालीला शास्त्रीय मराठीत रसायनानुचलन म्हणतात. शब्द बोजड आहे. कोकणातला माणूस ‘वासावर जाणं’ म्हणेल, आणि इथून पुढं तसंच म्हणायला हरकत नाही.

मग जवळजवळ सत्तर-ऐंशी वर्षं या प्रश्नाकडे फारसं कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्युलियस अ‍ॅडलर यांनी फेफरची काचनळी पुन्हा हातात घेतली, पण प्रश्न नवा विचारला. जिवाणू साखरेकडे जातो तो साखर पचते म्हणून, की साखर ‘कळते’ म्हणून? त्यांनी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंपैकी गॅलॅक्टोज ही साखर न पचवू शकणारे निवडले. तेही गॅलॅक्टोजकडे गेलेच. १९६९ मध्ये त्यांनी मांडलं की जिवाणूच्या अंगावर रसायन ओळखणारे वेगळे ग्राही असतात. नाक वेगळं आणि पोट वेगळं.

पण हे नाक चालतं कसं? ई. कोलायची लांबी दोन मायक्रॉन. एवढ्याशा देहाच्या दोन टोकांना रसायनाच्या प्रमाणात जो फरक पडेल तो जवळपास नगण्य. मग डावं-उजवं कळायचं कसं? उत्तर असं की त्याला डावं-उजवं कळतच नाही. घरात कुठंतरी उंदीर मेला की माणूस काय करतो? एका खोलीत हुंगतो, दुसरीत जातो, पुन्हा हुंगतो आणि मघाचा वास आठवून ठरवतो की वाढला की कमी झाला. जिवाणूचंही तेच. १९७२ मध्ये मॅकनॅब आणि कोशलँड यांनी जिवाणूंना अचानक वेगळ्या प्रमाणाच्या द्रावणात मिसळून पाहिलं. आजूबाजूला सगळीकडे प्रमाण सारखंच होतं, तरी ते काही काळ ‘परिस्थिती सुधारली’ अशा थाटात सरळ पोहत राहिले. याचा अर्थ त्यांना आधीचं आठवत होतं. ती आठवण जेमतेम काही सेकंदांची असते, आणि ग्राही प्रथिनांवर मिथिलचे बारीक ठिपके चढवून-उतरवून लिहिलेली असते.

त्याच सुमारास हॉवर्ड बर्ग यांनी एकेका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि त्याच्या वाटेचा नकाशा मिळाला: साधारण एक सेकंद सरळ धाव, मग क्षणभर कोलांटी, मग भलत्याच दिशेला पुन्हा धाव. कोलांटीनंतर कुठं तोंड होईल हे बव्हंशी दैवाधीन. मात्र वास वाढत असेल तर कोलांटी लांबणीवर पडते. एवढ्यावरच सगळा खेळ. बरोबर दिशा निवडण्याची अक्कल नाही, पण चुकून सापडलेली बरोबर दिशा लवकर न सोडण्याची अक्कल आहे. धाव घडवणारी शेपटी, म्हणजे कशाभिका, माशाच्या शेपटीसारखी हलत नाही. बोटीच्या पंख्यासारखी गरगर फिरते. ई. कोलायच्या कशाभिका एका दिशेनं फिरल्या की त्यांची मोळी बांधली जाते आणि धाव लागते. उलट्या फिरल्या की मोळी सुटते आणि कोलांटी येते. फिरणारं इंजिन निसर्गानं बोटींच्या कितीतरी आधी वापरात आणलं होतं. डिझेलशिवाय चालणारं, हे महत्त्वाचं.

डिझेलचा विषय निघालाच आहे, तर डांबराकडे वळायला हवं.

मुंबईत रस्त्यावरचे गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. लालबागची ‘गॅस कंपनी लेन’ त्या उद्योगाची खूण सांगते. हा गॅस विहिरीतून येत नसे. कोळसा बंद भट्टीत तापवून तो काढत, आणि मागे उरे चिकट काळं डांबर. युरोपात त्या डांबरातून रसायनशास्त्राचा एक अख्खा कारखाना उभा राहिला. त्यातली एक वस्तू म्हणजे पांढरी, चकचकीत, उग्र वासाची नॅफ्थॅलीन. ऑक्सफर्डचे जॉन किड यांनी १८२१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं. मराठी घरांनी इंग्रजी नाव न घेता तिचं कूळ ओळखलं आणि तिला म्हटलं डांबराची गोळी. ठेवणीतल्या शालूच्या घडीत, ट्रंकेत, मोरीच्या जाळीवर. कसर मरावी, झुरळ पळावं म्हणून. बोंबलाला ऊन आणि शालूला डांबर, हेतू तोच: खाणाऱ्याला लांब ठेवायचं.

डांबर चौकच्या वाळूवर आलं ते मात्र ट्रंकेतून नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शिडाच्या होड्यांवर इंजिनं चढली. इंजिनासोबत डिझेल आलं आणि बोटीच्या तळाशी साचणारं तेलकट पाणीही. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल सापडलं आणि या समुद्राचं भाग्य बदललं. बदललेल्या भाग्याचे डागही पडले. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि मासळीबाजारात गिऱ्हाईक फिरकेना. वर्ष होतं न होतं तोच, ४ ऑगस्ट २०११ ला साठ हजार टन कोळसा घेऊन निघालेलं ‘राक’ जहाज मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं आणि त्याच्या टाक्यांतलं तेल किनाऱ्यांवर आलं. अशा मोठ्या घटनांची निदान बातमी तरी होते. दर पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे आता कुणी मोजतही नाही. सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो, जड भाग लाटांत मळला जातो आणि वारा त्याला काठावर लोटतो. जाळ्याला तो लागला की सहज सुटत नाही.

गंमत म्हणजे डिझेलमध्ये आणि कच्च्या तेलात नॅफ्थॅलीन आणि तिची भावंडं असतातच. ट्रंकेतली डांबरगोळी आणि पुळणीवरचा डांबरगोळा यांचं नातं नुसतं नावापुरतं नाही.

कसर जिला घाबरते ती नॅफ्थॅलीन खाणारे जीव मातीत आहेत, हे विसाव्या शतकात कळत गेलं. त्यांतलं सर्वांत ओळखीचं घराणं स्युडोमोनास. भारतीय वंशाचे आनंदमोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेलाचे वेगवेगळे घटक पचवणारे प्लास्मिड, म्हणजे जनुकांची सुटी कडी, एकाच स्युडोमोनासमध्ये आणले. त्यांत नॅफ्थॅलीनचा प्लास्मिडही होता. या जिवाणूचं पेटंट मिळावं की नाही हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूनं निकाल लागला. जिवंत वस्तूवर पेटंट, म्हणून जगभर गाजावाजा झाला. तो जिवाणू मात्र समुद्रात तेल खायला कधी उतरलाच नाही. न्यायालयात जिंकला, कामाला लागला नाही. अशी माणसंही पाहण्यात असतात.

त्या काळात सगळ्यांचं लक्ष पोटाकडे होतं. नाकाकडे लक्ष दिलं कॅरोलिन हारवुड यांनी. स्युडोमोनास पुटिडा बेंझोएटच्या दिशेनं पोहतो, हे त्यांनी १९८४ मध्ये दाखवलं. यात नवल काय ते कळायला अ‍ॅडलर यांची जुनी यादी पाहावी लागते. ई. कोलाय ज्यांच्यापासून पळतो अशा पदार्थांच्या त्या यादीत बेंझोएट आहे. आतड्यात राहणाऱ्याला ज्याची किळस, मातीत राहणाऱ्याला त्याचं आमंत्रण. ई. कोलायकडे ग्राहींचे प्रकार पाचच. पुटिडाच्या केटी २४४० या वाणाच्या जनुकसंचात ते सत्तावीस निघाले. आतड्यात आयतं ताट समोर येतं, मातीत मात्र रोज वेगळ्या दारात उभं राहावं लागतं, त्यामुळं नाक तिखट हवंच. (ई. कोलायच्या एका ग्राहीचं नाव ‘टार’ आहे. डांबराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आद्याक्षरं जुळवताना शास्त्रज्ञांना भान राहत नाही, एवढंच.)

१९९९ मध्ये ग्रिम आणि हारवुड यांनी पुटिडाच्या जी-७ या वाणात ‘नाह-वाय’ नावाचा ग्राही शोधला. तो नॅफ्थॅलीन ओळखतो. आणि त्याचं जनुक कुठं सापडलं? नॅफ्थॅलीन पचवणारी जनुकं ज्या प्लास्मिडवर आहेत त्याच प्लास्मिडवर, त्यांच्याच पंगतीत. अ‍ॅडलर यांनी नाक आणि पोट वेगळं असल्याचं दाखवलं होतं. इथं दोन्ही वेगळी खरीच, पण एकाच गाठोड्यात बांधलेली. प्लास्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. तो ज्याच्याकडे जाईल त्याला नवं अन्न पचवायची ताकद मिळते आणि ते अन्न कुठं आहे हे हुंगायचं नाकही सोबत मिळतं. पुढच्याच वर्षी मार्क्स आणि एटकिन यांनी दाखवून दिलं की बारीक नळीत कोंडलेली नॅफ्थॅलीन वासावर जाणारे जिवाणू न जाणाऱ्यांपेक्षा लवकर संपवतात. उघड्या, ढवळलेल्या पाण्यात नाकाचा उपयोग फारसा नाही. कोपऱ्यात दडलेल्या मालासाठी तो आहे.

मराठी वाचकाला जवळचा धागा पवईत सापडतो. चौकपासून सरळ रेषेत फार लांब नसलेल्या आयआयटी मुंबईत प्रशांत फळे आणि त्यांचे विद्यार्थी अशा जिवाणूंच्या पचनावर वर्षानुवर्षं काम करत आले. त्यांचा लाडका वाण सीएसव्ही-८६. तो नॅफ्थॅलीन खातोच, शिवाय तिची मिथिल लावलेली भावंडंही खातो. तीच जी डिझेलमध्ये असतात. त्याची खरी खोड २००६ मध्ये बसू, आपटे आणि फळे यांनी छापली: समोर ग्लुकोज आणि नॅफ्थॅलीनच्या जातीचं द्रव्य दोन्ही ठेवली तर हा आधी दुसरं संपवतो, साखर नंतर. बहुतेक जिवाणू आधी साखरेवर तुटून पडतात. पुरणपोळी बाजूला सारून कारल्याची भाजी आधी मागणाऱ्या माणसासारखं हे आहे, पण प्रदूषित जमिनीवर असाच माणूस कामाचा. जमिनीत साखरेसारखं सोपं अन्नही असतं आणि ते असताना जिवाणू डांबराकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही नेहमीची अडचण. पुढे या वाणाला वेगळी जात मानून स्युडोमोनास भारतिका असं नावही मिळालं.

याच प्रयोगशाळेनं कार्बारिल हे कीटकनाशक खाणारे मातीतले स्युडोमोनासही अभ्यासले. भोपाळच्या कारखान्यात बनत होतं तेच कार्बारिल. त्याच्या रेणूचा गाभा नॅफ्थॅलीनचाच, त्यामुळं पचनाची पुढची वाटही बरीचशी तीच.

वासावर जाण्याचा प्रश्न थेट मातीत नेला तो चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या राकेश जैन यांच्या गटानं. मिथाइल पॅराथिऑनसारखी कीटकनाशकं तुटली की पॅरा-नायट्रोफिनॉल उरतं. कीटकनाशकानं दूषित मातीतून त्यांनी हे नायट्रोफिनॉल खाणारा राल्स्टोनिया एसजे-९८ काढला, आणि काढला तोही त्याच्या नाकाच्या जोरावर: जे वासावर आले तेच निवडायचे अशी चाळणीच लावली. २००० मध्ये त्यावरचे निबंध आले. २००६ मध्ये देबराती पॉल आणि सहकाऱ्यांनी काचनळ्या, पेट्रीच्या बशा सोडून खऱ्या मातीत तो नायट्रोफिनॉलच्या रोखानं सरकतो हे दाखवलं. तोवर फेफरच्या नळीला शंभराहून जास्त वर्षं झाली होती. पाणी ते माती हे अंतर एवढं का?

कारण माती ही पाण्याची टाकी नव्हे. ई. कोलाय सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन पोहतो. नाकासमोर सरळ गेला तर दिवसाला दोन मीटर. पण कोलांट्यांमुळे मार्गदर्शनाविना फिरणारा जिवाणू दिवसभरात जेमतेम एखादा सेंटिमीटर लांब पोहोचतो, आणि हे मोकळ्या पाण्यात. मातीत दाणे आडवे येतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी आटलं की दाण्यांवर फक्त पातळ पापुद्रा उरतो. तो जिवाणूच्या जाडीइतका खाली आला की पोहणं बंद. कोळणीनं बोंबलातून काढून घेतलेलं पाणी मे महिन्यातलं ऊन जमिनीतूनही काढून घेतं. डांबर दोन सेंटिमीटरवर आणि खाणारा इथं अडकलेला.

यावर निसर्गाची एक युक्ती लाइपझिगच्या संशोधकांनी हेरली. बुरशीचे तंतू कोरड्या फटींवरून पूल टाकतात, आणि त्यांच्या अंगावर ओलावा असतो. त्या ओल्या तंतूंवरून जिवाणू पलीकडे जातात. २०१० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की नॅफ्थॅलीनच्या वासावर निघालेला पुटिडाही हा रस्ता वापरतो.

खाडीच्या गाळाची तऱ्हा उलटी. पाणी भरपूर, पण वरचा काही मिलिमीटरांचा थर सोडला तर ऑक्सिजन नाही. पायानं गाळ उकरला की काळा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास येतो तो म्हणूनच. स्युडोमोनास नॅफ्थॅलीन फोडतो ते तिच्यात पहिल्यांदा ऑक्सिजनचे दोन अणू घुसवून. पुढे तिचं सॅलिसिलेट होतं. सांधेदुखीच्या मलमांतल्या औषधाचं हे सख्खं भावंड. ऑक्सिजन नसेल तर ही पहिली पायरीच नाही. ऑक्सिजनविना नॅफ्थॅलीन तोडणारे जीव असतात, पण त्यांची चाल फार मंद. त्यात डांबर गाळाच्या कणांना असं चिकटतं की त्याचा वासच सुटत नाही. नाक कितीही तिखट असलं तरी पाण्यात विरघळलेलंच त्याला कळतं.

मग दोन मार्ग उरतात. एक, जिवाणूला पालखीतून नेऊन सोडायचं. दिल्लीच्या टेरी संस्थेत बनवारी लाल यांनी तयार केलेलं ‘ऑइलझॅपर’ असंच: तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेलं. २०१० च्या मुंबईतल्या तेलगळतीनंतर ते वापरलंही गेलं. दुसरा मार्ग म्हणजे तिथल्याच जिवाणूला हवा, ओलावा, थोडं नत्र-स्फुरद देऊन त्याची वाट मोकळी करायची. डोलकरांना यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. डोल जाळं एका जागी रोवून उभं राहतं आणि भरती-ओहोटी मासळी आणून देते. ओढीच्या जाळ्याला मासळीमागे जावं लागतं. दोन्ही प्रकारे बोट भरते, पण डोल कुठं रोवायची हे कळायला आधी प्रवाह माहीत हवा.

मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद मिळाली आणि २००२ मध्ये महापालिका झाली. वस्ती वाढली आणि तिच्या कचऱ्याला जागा मिळाली ती याच पश्चिम टोकाला, उत्तनच्या धावगी डोंगरावर. ढीग चढत गेले, त्यांना आगी लागत राहिल्या, धूर गावांत उतरला, पावसात काळं पाणी शेतांकडे वाहिलं. गावकऱ्यांच्या तक्रारी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेल्या. या ढिगातही जिवाणूंचंच राज्य आहे. आत हवा नाही, म्हणून ते मिथेन बनवतात, आणि मिथेन आगीला खाद्य पुरवतो. कडेला, जिथं काळं पाणी मातीत शिरतं, तिथली परिस्थिती वेगळी: फिनॉल, अमोनिया, धातू, कुजलेलं सगळं एकत्र. कुणाला ओढणारा वास आणि कुणाला पळवणारा वास एकाच थेंबात. अ‍ॅडलर यांनी जिवाणूला ओढणारं आणि पळवणारं रसायन एकाच वेळी देऊन पाहिलं होतं. तो दोन्हींची बेरीज-वजाबाकी करतो आणि ज्याचं पारडं जड त्याप्रमाणं हलतो. धावगीच्या उतारावर रोज किती पारड्यांचा हिशेब चालत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पाऊस जवळ आला की चौकच्या बायका वलांड्यांवरचा शेवटचा माल उतरवतात. १ जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी वर ओढून त्यांच्यावर ताडपत्री पडते. पहिल्या सरीनं किनाऱ्याची वाळू, धारावीच्या टेकडीची तांबडी माती आणि धावगीचा उतार एकदम भिजतो. दाण्यादाण्यांवरचे सुटे पापुद्रे फुगून एकमेकांना मिळतात आणि महिनोन्‌महिने जागच्या जागी बसलेल्या जिवाणूंच्या कशाभिका फिरू लागतात. बोटींखाली, डिझेल सांडून काळ्या झालेल्या वाळूच्या पट्ट्यात, पहिली धाव, पहिली कोलांटी, आणि मग जरा लांबलेली दुसरी धाव.